जांभळी रेघ

रविराजनं ब्रश बाटलीत बुडवला, काठावर निपटला आणि तात्याबाच्या कानाखाली टेकवला.

"हलू नका, बाबा. थंड लागंल जरा."

थंड लागलंच. रेघ कानाखालून निघाली, जबड्याच्या कडेनं हनुवटीपर्यंत आली, तिथून वळून गालावर चढली आणि कानशिलाजवळ पहिल्या टोकाला येऊन मिळाली. मग मानेवर दुसरा चौकोन. तात्याबा कडक टेबलावर उताणा पडला होता. वरच्या यंत्रातून उजेडाचा एक तुकडा त्याच्या तोंडावर सोडलेला होता आणि रविराज त्या उजेडाच्या कडा धरून रंग ओढत होता, मोजणीदार हद्दीच्या खुणा करतो तसा, जीभ दातात धरून.

"रंग कंचा हाय?" तात्याबानं ओठ न हलवता विचारलं.

"जांभळा. पक्का हाय, पण घासायचा नाही. साबण नाही, तेल नाही. ह्या रेघा गेल्या तर समदं नव्यानं." रविराज केडगावचा होता. आपल्या भागातलं माणूस टेबलावर आलं की त्याला चेष्टा सुचायची. ब्रश पुसता पुसता तो म्हणाला, "आता रंग लागला, बाबा. आता तुमचा नंबर पक्का. आता कुठं पळून जाताय?"

तो हसला. तात्याबा हसला नाही. पण हलू नका म्हणून सांगितलेलंच होतं, त्यामुळं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बाहेर बाकावर नकुशी बसली होती. मांडीवर पिशवी. खताच्या गोणीची शिवून घेतलेली, आणि त्या बाकावर बसलेल्या निम्म्या लोकांच्या मांडीवर तशीच पिशवी होती. खत सगळ्यांनी एकाच कंपनीचं घेतलं असावं. म्हणून नकुशीनं आपल्या पिशवीच्या बंदाला काळ्या लोकरीचा दोरा बांधला होता. गर्दीत आपलं ते ओळखू यावं.

तात्याबा दारातून बाहेर आला. तिनं वर पाहिलं आणि पाहिल्याबरोबर मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधायला लागली. पिशवीत पाण्याची बाटली, पंचा आणि एक डबा. शोधण्यासारखं काही नव्हतं.

"लई दिसतंय व्हय?" त्यानं विचारलं.

"न्हाई. पटका सोडा आन् मानंभवती घ्या. ऊन लागंल."

ते दोघं दवाखान्याच्या तळघरात होते. ऊन वरच्या मजल्यावरसुद्धा धड येत नव्हतं. तात्याबानं मुकाट्यानं पटका सोडला आणि कानापासून हनुवटीपर्यंत गुंडाळून घेतला.

हे सगळं डाव्या कानापासून सुरू झालं होतं. कवठे येमाईला कांदा काढायच्या दिवसांत तात्याबाचा कान बंद पडला. घोडनदीच्या कानाच्या डॉक्टरनं थेंब दिले. थेंब संपले, कान तसाच. मग घोळणा फुटायला लागला. उन्हानं झालं म्हणून घरच्यांनी कांदा हुंगवला. मग मानेला गाठ आली. ती दुखत नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. दुखत नसलेली गाठ दुखणाऱ्या गाठीपेक्षा वाईट असते, हे पुण्याला गेल्यावर कळलं.

नाकाच्या मागं, घशाच्या वर एक पोकळी असते, असं डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. आजार तिथं होता. तिथं सुरी घालता येत नाही. यंत्रातून किरणांचा शेक द्यायचा आणि औषध द्यायचं. तात्याबानं ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"साठ वर्सं हे डोस्कं म्याच वागवलं," तो शेवटी म्हणाला, "आन् आत हितकी खोली हाय, हे मला ठावं न्हवतं."

गावातले लोक केळी घेऊन भेटायला आले. जो तो आधी मान पाहायचा, मग तोंड, मग घड्याळ. कोण किती वेळ टेकलं याचा हिशोब नकुशी मनात ठेवत होती. जे पटकन उठले त्यांना आजाराचं नाव कळलेलं होतं. जे चहापर्यंत थांबले त्यांना कळायचं होतं. चहापर्यंत थांबणारे कमी होत गेले.

शेक रोज घ्यायचा होता. कवठ्याहून पुण्याला रोज जाऊन येणं म्हणजे शेकाच्या आधी माणूसच भाजून निघायचा. लेक जाई खुटबावला दिलेली, तिचं घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, आणि दौंड-पुणे शटल खुटबावला थांबते. सगळं सोयीचं होतं, म्हणूनच तात्याबाला अवघड वाटत होतं. लेकीच्या घरी तो कधी एका रात्रीच्या वर राहिला नव्हता. शिरूरहून चौफुल्याच्या एसटीत बसताना त्यानं टपावर कांद्याच्या दोन गोण्या चढवल्या.

"मामा, आमच्याकडं बी कांदा पिकतोय की," जावई गोकुळ गोण्या उतरवताना म्हणाला.

"ह्यो टिकाऊ हाय," तात्याबा म्हणाला. आपण खाल्लं ते आपलंच खाल्लं, एवढं त्याला स्वतःला सांगता आलं पाहिजे होतं. गोकुळनं ते ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरीबरोबर कांदा न चुकता वाढला.

शेक सुरू व्हायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून घेतलं होतं. सरंजामे बाई वयानं जाईएवढ्याच, पण डोळ्यांखाली दोन बाळंतपणं जास्त झाल्यासारख्या काळ्या.

"आम्ही एक अभ्यास करतोय, आजोबा. तुमच्यासारख्या आजारात काही पेशंटना नुसता शेक देतो. काहींना शेकाबरोबर आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषधही देतो. बाहेरच्या देशांत दोन्ही मिळून दिल्यावर चांगला फायदा झालाय. आपल्या माणसांना किती होतो, आणि औषधाचा त्रास झेपतो का, ते बघायचंय."

"आन् मला काय द्यायाचं, ते तुमी ठरवनार?"

"मी नाही. इथं लिफाफे आहेत. तुमचा उघडल्यावर कळेल."

"चिठ्ठी टाकायची म्हना की."

"तसंच समजा. तुम्ही नको म्हणालात तरी चालेल. उपचार आहेच."

तात्याबा पुढं झुकला. "म्हंजी कशानं बरं वाटंल, ते तुमालाबी ठावं न्हाई?"

नकुशीनं त्याच्या कोपराला ढोसलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"नाही. ठाऊक असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

तात्याबाला ते आवडलं. जन्मभर त्यानं बाजार केला. मला ठाऊक नाही असं तोंडावर सांगणारा समोरचा माणूस त्याला पहिल्यांदा भेटत होता. त्यानं अंगठा पुढं केला. लिफाफ्यातून शेक आणि औषध, दोन्ही निघालं. नकुशीनं मात्र बाहेर आल्यावर रविराजला गाठलं आणि दोन्ही निघालं म्हणजे आजार जास्त आहे का, असं विचारलं. तो नाही म्हणाला. ती विचारत राहिली, तो नाही म्हणत राहिला, आणि त्याच्या प्रत्येक नाहीबरोबर तिची भीती थोडी वाढत गेली.

अशा रीतीनं त्या दवाखान्यात तिघांना तीन गोष्टी हव्या होत्या. डॉक्टरीणबाईंना उत्तर हवं होतं. नकुशीला नवरा हवा होता. तात्याबाला काय हवं होतं ते तो बोलला नाही. त्याला ती रेघ नको होती, एवढंच.

शटलमध्ये गेणबाची ओळख झाली. गेणबा पाटसचा, शेवंती आणि गुलछडी पिकवणारा. त्याला तोच आजार, तोच तळघरातला शेक, पण त्याच्या लिफाफ्यातून नुसता शेकच निघाला होता. तो तोंडावर काही गुंडाळत नसे. समोर बसलेल्यानं रेघांकडे पाहिलं की स्वतःहून सांगायचा, "पुण्याला गाळा घेतलाय, त्याची हद्द आखलीय." मंडळी हसायची आणि जरा सरकून बसायची.

"तुमचं बरं हाय, तात्याबा," गेणबा म्हणायचा. "शेक बी आन् औषध बी. दोन बैलांची गाडी."

"तुमचंच बरं हाय. वकाऱ्या न्हाईत."

"मग अदलाबदल करायची का?"

"बाई न्हाई म्हनंल. तिचा मेळ मोडंल."

सलाईन झालं की दोन दिवस तात्याबा जाईच्या घरामागं कडुनिंबाखाली बसून ओकत असायचा. पोटात काही नसलं तरी ओकायचा. तोंडातली लाळ आटली, मग घट्ट तार झाली. भाकरी मातीसारखी लागायला लागली, आणि मग तीही गिळेना. जाई नाचणीची पेज करायची. तो वाटी हातात धरून बसून राहायचा, आणि नकुशी ती वाटी बघत बसून राहायची. पेज थंड झाली की दोघांनाही सुटल्यासारखं व्हायचं.

हे सगळं होणार, हे बाईंनी आधी सांगितलेलं होतं. सांगितल्याबरहुकूम होत होतं, म्हणून ते भीतीचं नव्हतं. भीती वेगळीच होती. रेघ जरा फिकी झाली की रविराज ती पुन्हा गिरवायचा, आणि प्रत्येक वेळी ब्रश कानाखाली टेकला की तात्याबाचे पाय टेबलावर आखडायचे.

मग यवतच्या बाजाराचा दिवस आला.

संध्याकाळची गाडी यवतला मागची मेल पुढं काढायला थांबली. स्टेशनाच्या अंगाला रस्ता, आणि रस्त्यावर बाजारातून निघालेला टेम्पो, बंद पडलेला. टेम्पोत बकरी दाटून भरलेली. धनगराच्या घरी मेंढराला बकरंच म्हणतात. प्रत्येकाच्या मानेवर, लोकरीत मुरलेला, जांभळ्या रंगाचा पट्टा.

तात्याबा खिडकीशी होता. त्यानं तोंड फिरवलं नाही.

यवतच्या बाजारासाठी त्यानं उभ्या आयुष्यात कितीदा बकरी काढून दिली होती. व्यापारी रानातल्या वाड्यावर यायचा, कळपाभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळ्याबाहेर उभा राहायचा, आणि तात्याबा आत शिरून एकेकाचा कान धरून पुढं आणायचा. कुठलं द्यायचं ते तात्याबा ठरवायचा. दात गेलेलं. उन्हाळ्यात चालवणार नाही ते. दोन दिवस चारा सोडून बसलेलं. ज्याचा भरवसा उरला नाही, ते. व्यापारी मानेवर रंगाचं फडकं ओढायचा आणि पुढचं धरायचा. रंग लागलेलं बकरू संध्याकाळपर्यंत इतरांबरोबर चरायचं. त्याला काही ठाऊक नसायचं. तात्याबाला ठाऊक असायचं. रात्री तो टेम्पो भरून जायचा आणि सकाळी रिकामा परत यायचा.

कळप विकून कांद्याच्या मागं लागल्याला कैक वर्षं झाली होती. पण कान धरायची सवय बोटांतून गेली नव्हती.

"काय बघताय?" गेणबानं विचारलं.

"काय न्हाई. बकरी."

"सुटलासा तुमी त्या धंद्यातून."

तात्याबानं पटका आणखी वर ओढला. नकुशी समोरच्या बाकावर होती. तिनं टेम्पोही पाहिला होता आणि पटक्यावरचा हातही पाहिला होता. ती खुटबाव येईपर्यंत पिशवीच्या दोऱ्याशी चाळा करत राहिली.

रविवारी शेक नसायचा. दुपारी जाई आणि गोकुळ भुईमुगात खुरपणीला गेले, आणि नकुशीही जरा हात लावावा म्हणून त्यांच्याबरोबर गेली. ती परत आली तेव्हा गोठ्यामागच्या हौदाच्या कट्ट्यावर विटकराचा एक तुकडा पडला होता, जांभळा झालेला. हौदाचं पाणी जांभळट. म्हैस ते पाणी प्यायला तयार नव्हती. तात्याबा भिंतीला टेकून बसला होता, आणि शेकानं आधीच काळवंडलेली त्याची मान कानापासून खांद्यापर्यंत सोलून लाल झाली होती. तिच्यावर माशी बसत होती.

"आवो, हे काय केलंसा!"

"खाज सुटली व्हती."

नकुशीनं विटकर उचलून हौदामागच्या खड्ड्यात टाकला. पदर ओला करून माशी हाकलत ती त्याच्याजवळ बसली.

सोमवारी रविराजनं पटका सोडला आणि दोन पावलं मागं सरला. त्या दिवशी त्याला चेष्टा सुचली नाही. तो धावत जाऊन सरंजामे बाईंना घेऊन आला.

बाईंनी मान पाहिली. मग खुर्ची ओढून बसल्या, कारण उभ्यानं त्यांचा आवाज चढला असता.

"आजोबा, ह्या रेघा शोभेच्या नाहीत. शेक नेमका कुठं पडायचा, ते आम्ही ह्यावरून जुळवतो. बोटभर इकडं गेला तर डोळा जाईल. बोटभर मागं गेला तर मणक्यातला दोर. आता ह्या सोललेल्या कातड्यावर मी शेक देऊ शकत नाही. हे बरं होईपर्यंत खाडा. आणि ह्या आजारात खाडा चालत नाही. मध्ये थांबलं की गाठ पुन्हा डोकं वर काढते, आणि मग ती शेकाला दाद देत नाही. कळतंय का?"

तात्याबानं मान हलवली. मान हलवताना दुखली.

"तुम्हाला सोडायचंय का? तसं असेल तर सरळ सांगा."

त्या रागावल्या होत्या. घाबरल्याही होत्या. अभ्यासातला एक माणूस गळला तर तो का गळला ते वरच्यांना सांगावं लागतं, हे त्यातलं थोडंसं होतं. बाकीचं, नकुशीनं पाहिलं, त्यांच्या हातात होतं. मलम लावता लावता बाईंनी ट्यूबचं झाकण दोनदा खाली पाडलं. डॉक्टरच घाबरला की आपण काय समजायचं, हे नकुशीला कुणी सांगितलेलं नव्हतं.

परतीच्या गाडीत गेणबा नव्हता. त्याला गिळता येईना, म्हणून नाकातून नळी घालून दवाखान्यातच ठेवून घेतलं होतं. लोणी गेलं, उरुळी गेली. तात्याबा खिडकीशी बसला होता. मग अचानक, खिडकीकडे पाहतच, त्यानं विचारलं.

"नकुशे, आपुन कुठल्या बकऱ्याला रंग लावायचो?"

तिला उत्तर ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. समोर बसलेली एक बाई वाटाणे सोलत होती, आणि नकुशी त्या बाईच्या बोटांकडे पाहत राहिली.

खाड्याचे दिवस खुटबावला गेले. मलम, पेज, कडुनिंब. रोज दुपारी तात्याबा कवठ्याला परत जायची गोष्ट काढायचा. कांद्याला पाणी द्यायचंय. एसटीची वेळ बदलली म्हणतात. जाई रडायची, तो म्हणायचा, रडू नको, मी काय म्हातारा झालो का? गोकुळ बापडा दोघांच्या मध्ये उभा राहून विडी ओढायचा. नकुशी त्याच्या मानेवरची खपली बघायची. खपली धरत होती. धरायला नको, असंही तिला वाटायचं, कारण ती धरली की परत जायचं होतं.

खपली पडली आणि ते परत गेले. गाडीत तो आला, तळघरापर्यंत आला, बाकावर बसला. आणि उठेना.

"तात्याबा बाबा!" रविराजनं दारातून हाक मारली.

तात्याबानं दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती. हाताच्या शिरा वर आल्या होत्या. नकुशीनं त्या हातांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आत रंगाची बाटली ट्रेमध्ये ठेवलेली दिसत होती.

"तुमी मला इचारलं व्हतं," ती म्हणाली. "कुठल्या बकऱ्याला रंग लावायचो म्हून."

त्याची नजर त्या बाटलीवर होती.

"औषध पाजलेल्याला."

आता त्यानं मान वळवली.

"यापारी लावायचा, त्यो येगळा. त्याच्या डब्यात ऱ्हायलेला रंग मी ठिवून द्यायची. तुमी कळप घेऊन पुढं गेलेलं असायचा. आजारी समदी माज्यापाशी, वाड्यावर. जंताचं पाजायचं, देवीचं पाजायचं. कुनाला पाजलं, कुनाला न्हाई, कसं ध्यानात ऱ्हायाचं? मंग पाजलं की मानंला रंग. दोनदा पाजू ने म्हून." ती थांबली, आणि मग जरा ठसक्यात म्हणाली, "तुमी कवा बघितलंच न्हाई. तुमचं ध्यान बाजाराकडं."

"आन् ती जगायची?"

"जगायची की." हे तिनं फार लवकर म्हटलं. म्हणून तिनं जोडलं, "समदी न्हाई. पन लई."

तात्याबा तिच्याकडे पाहत राहिला. आधी तिच्या तोंडाकडे. मग त्याची नजर खाली उतरली, मांडीवरच्या पिशवीवर, जिथं तिची बोटं बंदाचा काळा दोरा उलटसुलट पिळत होती. तिथं ती नजर बराच वेळ थांबली. बाकाच्या कडेवरचे हात हळूहळू सुटले.

"बाबा, येताय ना?" रविराज म्हणाला. ह्या वेळी त्याच्या आवाजात गयावया होती.

"येतो." तात्याबा उठला. दारात थांबून त्यानं स्वतःच पटका सोडला आणि रविराजच्या हातात दिला. "लाव. औषधाचा रंग हाय, नीट लाव."

"नीटच लावतो, बाबा."

दार लागलं. वरचा तांबडा दिवा पेटला. नकुशी भिंतीकडे तोंड करून बसली, कारण तिच्या तोंडावर काय होतं ते तिला दुसऱ्या बायकांना दाखवायचं नव्हतं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती असं नाही. सासरी नांदलेल्या कुठल्या बाईला नसते? पण आजवर ती जे बोलली ते डाळीसाठी, लेकरांसाठी, माहेरच्या दोन दिवसांसाठी. हे एवढं मोठं होतं की ते आपल्या तोंडात कसं मावलं, याचंच तिला नवल वाटत होतं.

परतताना यवतला पुन्हा बाजारच होता. नकुशीनं तो दिवस मनात धरलेला होता. ती आधीच खिडकीशी जाऊन बसली होती आणि पदर पसरून तिनं जेवढी खिडकी अडेल तेवढी अडवली होती.

"सरक," तात्याबा म्हणाला.

"वारं लागतंय. मानंला चांगलं न्हाई."

"सरक. बघू दे."

ती सरकली. रस्त्यानं टेम्पो चालला होता, ह्या वेळी बंद न पडता. जांभळे पट्टे एकामागून एक गेले. तात्याबानं शेवटचा पट्टा दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. मग त्यानं घोट गिळला. गिळताना त्याचे डोळे मिटले, कारण आता गिळणं म्हणजे घशातून काटा ओढणं होतं, आणि बोलणं त्याहून फार वेगळं नव्हतं.

"रंग यापाऱ्याचाच असायचा, नकुशे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तू दोरा बांधायचीस. काळ्या लोकरीचा. कानाला."

गाडीत कुणीतरी भेळेचा कागद उलगडत होतं. त्याचा आवाज फार मोठा येत होता.

"ठावं व्हतं, तर मंग आत कशापायी गेलासा?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

तात्याबानं डावा हात उचलला आणि तिच्या मांडीवर, पिशवीवर, मनगट वर करून ठेवला. मनगट बारीक झालं होतं. सलाईनच्या सुयांनी शिरेवर निळे डाग पडले होते.

"बांध," तो म्हणाला. "आजचं औषध झालंय."

बंदाची गाठ जुनी होती, बसलेली. नखानं सुटेना. नकुशीनं ती दातांनी सोडवली. दोरा त्याच्या मनगटाला गुंडाळला आणि गाठ मारायला गेली, तर पहिली गाठ घसरली. दुसऱ्या वेळी त्यानंच उजव्या हाताचा अंगठा दोऱ्यावर दाबून धरला, वाघरीचा पीळ धरायचा तसा. मग गाठ बसली.

गाडी हलली.

खुटबावला उतरायच्या घाईत लोकांनी आपापल्या पिशव्या दाराशी आणून ठेवल्या होत्या. सगळ्या सारख्याच, एकाच कंपनीच्या. नकुशीनं आपली पिशवी खाली ठेवली नाही. तिनं ती पोटाशी घट्ट धरली, आणि दुसऱ्या हातानं तात्याबाचं मनगट.

"हळू," तो म्हणाला. "दोरा तुटंल."

तिनं पकड सैल केली नाही.